खाच जुळली नाही तर

फाल्गुन लागला की कोटरा सुल्तानाबादच्या आमच्या गल्लीत सकाळचा पहिला आवाज खराट्याचा असतो. समोरचा कडुलिंब रात्रभर पानं ढाळतो. झाडायला येणाऱ्या बाई गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचतात, वळून बघतात, तर पहिलं टोक पुन्हा पिवळं झालेलं. "भैया, इस पेड़ को बोलो ना, एक ही बार में सब गिरा ले," असं त्या मला दरवर्षी सांगतात, जसा काही कडुलिंब माझ्या हाताखाली नोकरीला आहे. ऊन अजून भाजत नाही, पण वारा कोरडा झालेला असतो. हाताच्या कातडीला भेगा पडू लागतात, आणि त्या भेगांत ग्रीस शिरलं की आठवडाभर निघत नाही.

या दिवसांत मी अंगणात पोतं अंथरतो, जॅक काढतो आणि जुन्या पद्मिनी गाडीची पुढची दोन्ही चाकं उतरवतो. यंदा ती पूर्ण खोलून पुन्हा बांधून आली आहे. इंजिन, ब्रेक, खालचे सांधे, सगळं नवं झालं. पुढच्या चाकांची बेअरिंगं तेवढी मी मिस्त्रीला बसवू दिली नाहीत. "हम पे भरोसा नहीं क्या, साहब?" त्याने जरा दुखावून विचारलं. भरोसा आहे. माझ्यापेक्षा त्याच्यावर जास्त आहे. पण ते काम मला एका माणसाने सोपवलेलं आहे आणि ते मी दुसऱ्याला देऊ शकत नाही, हे त्याला हिंदीत नीट सांगता येईना. मराठीतही आलं असतं की नाही, कोण जाणे.

हल्ली रॉकेल मिळत नाही, म्हणून बेअरिंग धुवायला डिझेल घेतो. परात मात्र तीच आहे, काठाला चेमटलेली, पितळेची. तिच्यात बेअरिंग सोडलं, जुनं काळं ग्रीस सुटून तळाशी बसू लागलं, की मी कोटऱ्यात राहत नाही. मी सोळा वर्षं मागे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, अवधपुरीत जाऊन बसतो.

*

अवधपुरीत मी देशकर काकांच्या घरामागच्या खोलीत राहत होतो. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. बाबा पांढुर्ण्याला संत्र्यांच्या मंडीत लाकडी पेट्या ठोकायचे. तोंडात खिळे धरून ते पेटीभोवती फिरत, आणि प्रत्येक खिळ्यावर शेवटचा एक घाव जास्तीचा घालत. "ढिल्लं काम म्हणजे बेइमानी," हे त्यांचं वाक्य. पेटी ट्रकात दिल्लीपर्यंत हादरे खात जायची, उघडली तर बाबांचं नाव खराब. लहानपणी मी पेटी हलवून बघायचो. कुरकुरली नाही की बाबा माझ्याकडे बघून मान हलवायचे. घट्ट म्हणजे चांगलं, हे मी अक्षरांच्या आधी शिकलो.

देशकर काका मूळचे नागपूरचे. अवधपुरीजवळच्या मोठ्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तंत्रज्ञ म्हणून केली. तिथे खोलीएवढ्या विजेच्या मोटारी बनत. नवे इंजिनिअर मीटर लावून बेअरिंग तपासत आणि तरीही शेवटी म्हणत, "एक बार देशकर जी का हाथ लगवा लो." काका मोटारीच्या अंगावर दोन बोटं ठेवून डोळे मिटत. मग "ठीक" म्हणत किंवा "खोला" म्हणत. हे मला काकांनी कधी सांगितलं नाही, काकूंनी सांगितलं. एकदा नाही, पुष्कळदा.

निवृत्तीनंतर काकांचा डावा हात किंचित थरथरू लागला होता. चहाचा कप बशीवर बारीक वाजायचा. तो आवाज आम्ही तिघंही ऐकायचो आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

काकूंच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, एम. पी. नगरच्या पुढच्या एका हॉस्पिटलात डायलिसिस. डाव्या मनगटाजवळ डॉक्टरांनी लहानसं ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या जोडल्या होत्या, सुई तिथे टोचायची. त्या जागेवर बोट ठेवलं की आत अखंड बारीक थरथर लागते. ती लागली म्हणजे रक्त नीट वाहतंय. एखाद्या सकाळी लागली नाही, तर हातातलं सगळं टाकून हॉस्पिटल गाठायचं.

ती थरथर बघणं हे काकांचं काम. रोज सकाळी काकू ओट्याजवळच्या स्टुलावर बसून हात पुढे करायच्या. "बघा, मनी गुरगुरतेय का?" त्या थरथरीला त्यांनी मांजराचं नाव दिलं होतं. काका उजव्या हाताची दोन बोटं मनगटावर ठेवत, डोळे मिटत आणि थोड्या वेळाने म्हणत, "आहे." मग काकू गॅस पेटवायच्या. काकूंना दिवसभराचं पाणी मोजून असल्यामुळे त्यांचा चहा इवल्याशा वाटीत. आमचे दोन कप भरलेले. त्या "आहे" च्या आधी त्या घरात चहा झाल्याचं मी पाहिलं नाही.

मीही तोच चहा प्यायचो. खोली भाड्याची होती, पण सकाळचा चहा आणि रात्रीची भाजी हे काकूंनी आपोआप माझं करून टाकलं होतं. पहिल्या दिवशी मी संकोचून "मले नको" म्हणालो, तर त्या हसल्या. "मले नको, तुले नको, मग भाजी काय मनीला घालू? बस खाली, पांढुर्णेकर."

*

गाडी काकांनी त्या फाल्गुनासाठीच बांधायला काढली. आठ-दहा वर्षं ती घराच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी होती. पण डायलिसिसहून परतताना ऑटोत काकूंचे हाल होत. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांच्या हाताला कळायचा. त्या डावा हात छातीशी धरून बसत, ओढणीत चिमणीचं पिल्लू गुंडाळून न्यावं तसा. एका शुक्रवारी ऑटोतून उतरताना त्यांना घेरी आली. काकांनी दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढली.

दोन महिने आम्ही ती गाडी खोलत आणि बांधत होतो. इंजिन बाहेरून करून आणलं, बाकीचं घरी. मी कॉलेजातून आलो की कपडे बदलून सरळ गाडीखाली. मला गणितं येत होती, पाना धरता येत नव्हता. काका म्हणायचे, "इंजिनिअर, तुझं डोकं चालतं, पण हात अजून शाळेत आहे."

शेवटी पुढची चाकं आली. तो रविवार होता. काकूंनी जुनी पितळी परात रॉकेलसाठी दिली. "लग्नातली आहे," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "मग तर बेअरिंगं चांगलीच धुतली जातील." काकांनी मला बेअरिंगमध्ये ग्रीस भरायला शिकवलं. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची कड त्याच्यावर दाबत दाबत ओढायची, वरच्या बाजूने ग्रीस बाहेर डोकवेपर्यंत. मी वरवर माखून मोकळा झालो. काका म्हणाले, "तीट लावतोयस का त्याला? आत भर."

मग नट. चाकाच्या मधोमध, आसाच्या टोकावर, कडेला खाचा असलेला नट बसतो. काकांनी चाक हाताने फिरवत ठेवलं आणि फिरत्या चाकावर नट पान्याने कसला, म्हणजे आतली बेअरिंगं आपापल्या जागी बसावीत. मग तो नट पुरता सैल केला. मला धक्काच बसला. मग पाना खाली ठेवून नुसत्या बोटांनी नट फिरवला, लागेल तिथपर्यंत. आता नटाची खाच आणि आसातलं भोक समोरासमोर आलं पाहिजे, त्यातून पिन घालायची, म्हणजे नट फिरत नाही. खाच जुळत नव्हती. केसभर पुढे होती.

"थोडा कसला की जुळेल," मी म्हणालो.

"थोडा सोडला तरी जुळेल." काकांनी नट केसभर मागे घेतला आणि पिन घातली. "खाच जुळली नाही तर मागे यायचं. पुढे जायचं नाही. कधीच."

चाकाला वर आणि खाली धरून त्यांनी ते हलवलं. ओठ मिटून मान डोलावली. मग मला हात लावायला सांगितलं. मला चाक किंचित हललेलं जाणवलं. फारच किंचित, पण हललं.

"हलतंय काका."

"हलायलाच पाहिजे. तेवढा प्ले लागतो. चालून चालून लोखंड गरम होतं, फुगतं. त्याला जागा नको?"

मी हो म्हणालो. वर्गातही हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं, चांगले गुण मिळाले होते. पण माझा हात पांढुर्ण्याच्या मंडीत घडलेला होता. हलणारी पेटी त्याला सहन होत नव्हती.

सोमवारी सकाळी काकांनी गाडी अयोध्या बायपासपर्यंत चालवून आणली. उतरले, वाकून चाकाच्या मधोमध हाताची मागची बाजू टेकवली, एक, मग दुसरं. "कोमट," ते म्हणाले. "असंच पाहिजे. उद्या तुमची स्वारी आपल्या गाडीतून, बाईसाहेब." काकूंनी दारातून हात जोडले, आरतीला जोडतात तसे. हसत होत्या, पण डोळ्यांत पाणी होतं.

*

त्याच सोमवारी दुपारी काका आत झोपले होते. मी अंगणात एकटा होतो. वारा सुटला होता आणि शेजारच्या सागाची मोठी मोठी पानं खडखड करत गाडीच्या टपावर पडत होती. मी सहज डावं चाक जॅकवर घेतलं. वर-खाली धरून हलवलं. हललं.

त्यावेळी मनात जे आलं ते मी आज लपवत नाही. मला काकांच्या कपाचा बशीवरचा आवाज आठवला. वाटलं, हात थरथरतो, अंदाज चुकला असेल. उद्या गाडीत काकू बसणार आहेत. चाक ढिलं आहे. आणि हेही वाटलं, की त्यांना सांगितलं तर त्यांना लागेल. ज्या घरचं अन्न खाल्लं त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, तुमचा हात चुकला, असं कसं म्हणायचं? गुपचूप नीट करून ठेवावं. त्यांचाही मान राहील, कामही होईल.

आमच्याकडे मोठ्यांच्या चुका अशाच दुरुस्त करतात, न बोलता, पाठीमागे. मी तेच केलं. आसावरची टोपी काढली, पिन काढली आणि लांब दांड्याच्या पान्याने नट कसला. खाच जुळेना, म्हणून आणखी पुढे गेलो. बाबांसारखा शेवटचा एक जास्तीचा जोर लावला. नवी पिन घातली, टोपी ठोकली. चाक हलवून बघितलं. दगडासारखं. मला फार बरं वाटलं. देवाला नमस्कार करून उठावं तसं हात झटकत उठलो.

*

मंगळवारी मी मागच्या सीटवर होतो. काकू पुढे, मांडीवर उशी आणि उशीवर डावा हात. गाडी इतकी अलगद चालली होती की काकू म्हणाल्या, "अहो, आपण निघालो तरी का?" काका हसले.

गोविंदपुऱ्याच्या पुढे बारीक कुंई असा आवाज येऊ लागला. एम. पी. नगरच्या अलीकडे जळका वास आला. गाडी डावीकडे ओढू लागली. काकांनी ती कडेला घेतली तेव्हा डाव्या चाकातून धूर निघत होता. ग्रीस वितळून रिमवर काळ्या धारा आल्या होत्या.

जवळच पंक्चरवाला होता. त्याने टोपी काढली, आत बघितलं, बोट लावून झटकन मागे घेतलं. "बाबूजी, ये तो नीला पड़ गया। किसने कसा इतना टाइट?"

मी काकांच्या मागे दोन पावलांवर उभा होतो.

काका चाकाकडे बघत होते. मग शांतपणे म्हणाले, "मैंने ही कसा है, भाई।"

तेव्हा बोलायचं होतं. एवढंच, की काका, तुम्ही नाही, मी. चार-पाच शब्द. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते, काकूंना उशीर होत होता, मी ऑटो थांबवायला धावलो. त्या धावण्यात मी लपलो.

काका गाडीजवळ थांबले. ऑटोत काकू हात छातीशी धरून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आज त्यांचा चेहरा पाहिलास? रिटायर झाले त्या दिवशीही असा नव्हता." मी बाहेर बघत राहिलो. "हातावर जगला रे तो माणूस," त्या म्हणाल्या.

*

बुधवारी सकाळी काकू स्टुलावर बसल्या, हात पुढे केला. "बघा, मनी काय म्हणतेय."

काका खिडकीशी उभे होते. वळले नाहीत. "प्रमोद, तू बघ रे."

"त्याला काय कळतंय?" काकू म्हणाल्या.

"त्याला कळेल. मला नाही." मग अगदी हिशेबी, कारखान्यातल्या आवाजात त्यांनी सांगितलं, "सोमवारी ट्रायलनंतर मी दोन्ही चाकांना हात लावला. मला कोमट लागलं. डावं तेव्हाही गरम असणारच, नट तर मीच कसलेला होता. म्हणजे हात खोटं बोलला. ज्या हाताला गरम कळत नाही, त्याला हे कळेल? उद्या थरथर थांबलेली असेल आणि मी म्हणेन, आहे."

मी खाली बसलो आणि दोन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली. कातडी पातळ, सुयांच्या जुन्या खुणांनी खडबडीत. आणि आत ती थरथर. काडेपेटीत कोंडलेला भुंगा कानाशी धरावा तशी. एवढं जिवंत काही मी तोवर बोटांनी ऐकलं नव्हतं.

"आहे," मी म्हणालो.

चहा झाला. माझा कप तसाच निवला.

गुरुवारी पुन्हा मीच. काकांनी हत्यारांची पेटी काढून एकेक पाना जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळायला सुरुवात केली. कोटऱ्यातला कुणी ओळखीचा माणूस रविवारी येऊन गाडी आहे तशी घेऊन जाणार होता. पेटीही तो नेणार होता. मी कॉलेजात गेलो, पहिल्या बाकावर बसलो, काही ऐकलं नाही. मला सारखं वाटत होतं, सांगितलं तर ते विचारतील, तू माझ्या मागून हात का घातलास? आणि त्याचं खरं उत्तर एकच होतं. तुमच्या हातावर माझा विश्वास नव्हता. म्हणजे कबुलीतही मी त्यांना तेच दुःख देणार होतो, जे टाळायला हे सगळं केलं.

शुक्रवारी काकूंनी हात पुढे केला आणि माझ्याकडे बघितलं. दोन दिवसांत त्यांनाही सवय झाली होती. स्टूल माझ्या बाजूला वळवलेलं होतं. ते वळवलेलं स्टूल मला बघवेना.

"काका," मी म्हणालो, "तो नट तुम्ही कसला नव्हता. सोमवारी दुपारी तुम्ही झोपलात, तेव्हा मी कसला. चाक हलत होतं. मला वाटलं तुमचा हात चुकला. खाच जुळली नाही म्हणून मी पुढे गेलो."

खिडकीबाहेर पानं पडत होती.

"मला उठवलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि रस्त्यावर? तो माणूस विचारत होता तेव्हा?"



काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दोन दिवस," ते म्हणाले. "दोन दिवस मी हिचा हात धरला नाही. तुला कळतंय का, तू काय केलंस?"

मी रडत होतो. काकू स्टुलावरच होत्या. त्यांनी हात तसाच, हवेत धरलेला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्याला दिवसभर रागवा. मी नाही म्हणत नाही. पण आधी माझा हात धरा. अवघडला."

काका वळले. पायाने स्टूल आपल्याकडे ओढलं, काकूंसकट, तशा त्या हसल्याच. मग खाली बसून त्यांनी दोन बोटं मनगटावर ठेवली आणि डोळे मिटले. एरवी अर्धं मिनिट लागायचं. त्या दिवशी फार वेळ लागला. बोटं थोडी थरथरत होती, आणि त्या थरथरीतून त्यांना आतली थरथर वेगळी काढायची होती. काकू त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होत्या.

"आहे," काका म्हणाले.

काकूंनी उठून गॅस पेटवला. दोन कप आणि आपली इवलीशी वाटी मांडली, नेहमीसारखी. माझा कप त्या मांडतील की नाही, याची मला शंका होती.

*

शनिवारी काकांनी मला बेअरिंग आणायला पाठवलं. आणल्यावर चाकासमोर पोतं अंथरलं आणि स्वतः खुर्ची घेऊन बसले. "तू बसव," ते म्हणाले. अजून माझ्याशी नीट बोलत नव्हते. मी ग्रीस भरलं, आतपर्यंत. चाक फिरवत नट कसला, सोडला, बोटांनी आणला. खाच जुळली नाही. काकांकडे बघितलं. त्यांनी काही सांगितलं नाही. सांगणार नव्हतेच.

मी मागे आलो.

बोटांना फार अवघड गेलं. पाना धरलेला हात थांबवणं हे पाना फिरवण्यापेक्षा जड काम आहे. मी तोवर सगळं आवळूनच केलं होतं. अभ्यास आवळून, झोप आवळून, घरचं नाव राखायचं म्हणून तोंडही आवळून. कृतज्ञतासुद्धा मी तशीच कसली होती, इतकी की तिच्यात खरं बोलायला जागा उरली नव्हती.

चाक हलवलं. किंचित हललं. काका उठले, त्यांनीही हलवलं. मग पिन माझ्या हातात दिली.

रविवारी ट्रायल झाली. चाकाला आधी मी हात लावला, मग त्यांनी. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. "काय?" त्यांनी विचारलं. "कोमट," मी म्हणालो. "हं," ते म्हणाले. गाडी न्यायला आलेल्या माणसाला काकूंनी पोहे खायला घातले आणि तसाच परत पाठवला. तो जाताना म्हणाला, "भाभीजी, गाड़ी नहीं देनी थी तो फोन कर देतीं।" काकू म्हणाल्या, "फिर पोहा कौन खाता?"

काकू पुढे चार वर्षं होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच गाडीतून गेल्या. शेवटच्या वर्षी मला नोकरी लागलेली होती, तरी जमेल तेव्हा मी मागच्या सीटवर असायचो. बाबा पदवीदान समारंभाला आले तेव्हा काका त्यांना स्टेशनवरून याच गाडीतून घेऊन आले. बाबांनी सवयीने दार ओढून बघितलं, हलतंय का म्हणून. काका आरशातून माझ्याकडे बघून हसले. माफी त्यांनी शब्दांत कधी दिली नाही. ते हसणं मी माफी म्हणून ठेवून घेतलं.

*

आज चाकं बसवून झाली. दुपारी गाडी भदभद्याच्या बंधाऱ्यापर्यंत नेऊन आणली. तळ्याकाठची झाडं अर्धी उघडी झाली आहेत. परत आल्यावर वाकून दोन्ही चाकांना हाताची मागची बाजू लावली, पायरीवर बसलो आणि नागपूरला फोन केला.

काका आता लेकीकडे असतात. जाताना गाडी, परात आणि हत्यारांची पेटी माझ्याकडे सोपवून गेले. दोन्ही हात थरथरतात. फोन त्यांच्या कानाशी लेक धरते. ऐकू कमी येतं, म्हणून ते मोठ्याने बोलतात आणि मलाही बोलायला लावतात. गल्लीतल्या सगळ्यांना दरवर्षी हे संभाषण पाठ होतं.

"ग्रीस आत भरलं ना रे? तीट नाही ना लावली?"

"आत भरलं, काका."

"चाक?"

"कोमट. दोन्ही."

"खाच जुळली होती?"

"उजव्याची जुळली. डाव्याची नाही."

समोर दुसऱ्यांदा झाडायला आलेल्या बाईंचा खराटा थांबलेला होता.

"मग?"

"मागे आलो, काका."

"हं," काका म्हणाले. आणि मग, फोन लेकीच्या हातात जाता जाता, तिला सांगताना ऐकू आलं, अगदी हळू, डोळे मिटून म्हणायचे तसं, "आहे."